आरसीवरचा आकडा आणि काट्याची पावती

पत्र :

नमस्कार. आम्ही मोहोळ तालुक्यातले. शेती थोडी आहे, म्हणून दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेतल्या. हंगामात कारखान्याला ऊस ओढतो. करार आणि गाडी दोन्ही मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावावर, हिशेबाची वही माझ्याकडे. परवा रात्री कालव्याच्या पुलाच्या चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली. मालक म्हणतात, हे नेहमीचंच. दोन्ही ट्रॉल्यांत मिळून खेपेला २१ टन ऊस भरतात, टनाला साडेतीनशे रुपये पडतात. मागच्या महिन्यात गावातल्या एकाला आरटीओनं धरलं, मोठा दंड झाला. मालकांना सांगितलं तर म्हणतात, सगळेच भरतात, कमी भरलं तर हप्ता कशातून द्यायचा? रात्रीच्या खेपेला कधी कधी धाकटा दीर ट्रॅक्टर नेतो. सतरा वर्षांचा आहे, पण हात चांगला बसलाय. ऊसतोड टोळीतल्या बाया-पोरं मुक्कामाच्या अड्ड्यावर जाताना ट्रॉलीतच बसतात. गाडी यायला उशीर झाला की मला झोप लागत नाही. किती भरलं तर चालतं, आणि काही झालं तर कुणावर येतं, एवढं सांगा. आरसीचा आणि एका पावतीचा फोटो जोडला आहे.

– एक वाचक भगिनी, मोहोळ तालुका

उत्तर :

ताई, सोलापूरच्या न्यायालयात मी बरीच वर्षे मोटार अपघातांचे दावे चालवतो आहे. माझ्याकडे माणसे येतात ती सगळे होऊन गेल्यावर, हातात पंचनाम्याची नक्कल घेऊन. आधी विचारायला जवळजवळ कोणी येत नाही. तुम्ही आधी विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट मात्र आज रात्रीच्या खेपेआधी व्हायला हवी. दिराच्या हातात ट्रॅक्टर द्यायचा नाही. हात कितीही चांगला बसलेला असो. अठरा वर्षांखालच्या मुलाने सार्वजनिक रस्त्यावर ट्रॅक्टर चालवणे हा गुन्हा आहे. भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीसाठी तर कायद्याने वयाची अट २० वर्षे ठेवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलगा गाडी घेऊन गेला तो मालकाच्या संमतीनेच गेला, असे न्यायालय गृहीत धरते. ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. हंगामात दर दोन-तीन रात्रींनी तो खेप नेत असेल, तर असे सिद्ध करणार कसे? सतराव्या वर्षी झालेल्या एका चुकीपायी पोराला पुढची आठ वर्षे मोटारसायकलचेसुद्धा लायसन्स नाही, हे सासूबाईंनाही सांगा. घरात त्यांचा शब्द चालत असेल तर बोलणे त्यांच्यापासूनच सुरू करा.

आता वजनाचे.

तुम्ही पाठवलेले दोन फोटो मी शेजारी ठेवून पाहिले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच घरात, या दोन कागदांत आहे. ट्रॅक्टरची आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, वेगळी आणि प्रत्येक ट्रॉलीची वेगळी असते. ट्रॉलीला इंजिन नसले तरी १९८८ चा मोटार वाहन कायदा तिला मोटार वाहनच समजतो. ट्रॉलीच्या आरसीवर दोन आकडे आहेत, रिकामे वजन आणि भरून एकूण वजन. तुमच्या ट्रॉलीचे रिकामे वजन २ टन आणि भरून साडेआठ टन. म्हणजे एका ट्रॉलीत साडेसहा टन ऊस, दोन्हींत मिळून १३. कारखान्याच्या काट्याच्या पावतीवर निव्वळ वजन आहे २१ टन. आठ टन जादा.

किती भरलेले चालते, तर १३ टन. कायद्याचे कलम ११३ एवढेच म्हणते की आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त वजन घेऊन गाडी चालवायची नाही आणि कोणाला चालवूही द्यायची नाही. त्यात हंगाम, ऊस, शेतकऱ्याचा माल अशी सूट नाही. ‘सरकारने वजन वाढवून दिलंय’ असे अड्ड्यावर नेहमी ऐकू येते. ते २०१८ चे आहे. त्या वर्षीच्या जुलैत ट्रकच्या धुऱ्यांवरची (अ‍ॅक्सलवरची) वजनाची मर्यादा वाढवली गेली. चार टायरच्या एका धुऱ्याला १०.२ टनांऐवजी साडेअकरा टन, जोडधुऱ्याला १९ ऐवजी २१ टन. तुमच्या ट्रॉलीच्या आरसीवर साडेआठ लिहिले आहे, तुम्हाला बांधून आहे तो हा आकडा.

दंडाचे गणित सरळ आहे. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २० हजार रुपये, वर जादा भरलेल्या प्रत्येक टनाला २ हजार. आठ टनांचे झाले १६ हजार. एकूण ३६ हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. ऊस फळीच्या बाहेर आला असेल, बाजूला, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर, तर त्याचे आणखी २० हजार. पूर्वी माल मागे एक मीटरपर्यंत बाहेर आलेला चालायचा. लोखंडी सळया घुसून माणसे गेल्यावर २०१४ मध्ये ती सवलत काढून टाकली. उसाची मोळी सळईसारखी टोचत नाही हे खरे, पण मागे लोंबणाऱ्या शेंड्यांखाली लाल दिवा आणि नंबर प्लेट दोन्ही झाकले जातात. हे मी पुढे पुन्हा सांगणार आहे, कारण माझ्या एका दाव्यात सगळे तिथेच अडले होते.

‘काटा कुठे आहे इथे, कसे मोजणार?’ असे वाहतूकदार अधिकाऱ्याला विचारतात. कलम ११४ ने अधिकाऱ्याला तो अधिकार दिला आहे. पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत काटा असेल तर गाडी तिथवर न्यायला तो सांगू शकतो. ऊस तर काट्याकडेच चाललेला असतो. गाडी थांबवली नाही किंवा मोजणीआधी वाटेत मोळ्या टाकून दिल्या तर दंड ४० हजार. जास्त भरले असे ठरले की जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, असे कायदा म्हणतो. उतरवायचा तो तुमच्या जोखमीवर. तोडलेला ऊस रस्त्याकडेला उन्हात पडला तर तासातासाला वजन घटते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि दंड भरला की पुढे जायला मोकळे, हा समज सोडा. काही राज्ये आगाऊ पैसे घेऊन जादा भरलेल्या गाड्यांना कार्ड देत असत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले की असे चालणार नाही, माल उतरलाच पाहिजे.

दुसरा प्रश्न, कुणावर येतं. ट्रॅक्टर चालवणारा दुसरा कोणी असेल तरी ते मालकाच्या माहितीने किंवा सांगण्यावरून झाले, असे न्यायालय गृहीत धरू शकते, असे त्याच ११३ व्या कलमात लिहिले आहे. चालकाचेही सुटत नाही. मालगाडीत जादा भार नेणे आणि माणसे नेणे या दोन्हींसाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये सगळ्या राज्यांना दिले आहेत. हंगामाच्या मध्यावर तीन महिने लायसन्स गेले, तर ट्रॅक्टर दारात उभा आणि टोळी फडात बसून.

आता जरा थांबून एका गोष्टीकडे बघा, ताई. तोडणाऱ्या टोळीला पैसे टनावर. टोळीच्या मुकादमाचे कमिशन टनावर. तुमची वाहतूक टनावर. कारखान्याला गव्हाण, म्हणजे ऊस गाळपाला टाकायची जागा, चालू ठेवायला टन हवेत. शेतकऱ्याला आपला फड लवकर रिकामा हवा, म्हणजे पुन्हा जास्त टन. त्या ट्रॉलीत आणखी चार मोळ्या टाकायला नको म्हणेल असा एकही माणूस त्या फडात उभा नसतो. त्यात टोळीला दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा वाहतूकदाराच्याच डोक्यावर असते. ती फिटेपर्यंत त्याच्या जिवाला चैन नसते. तुमचे मालक मनाने वाईट आहेत म्हणून हे होत नाही, हे मला पक्के माहीत आहे. पण टनाचे पैसे असे पाच-सहा जणांत वाटले जातात, आणि जोखीम मात्र आरसीवर ज्याचे नाव आहे त्या एकट्याची. ती कुणीही वाटून घेत नाही. तुमच्या पत्रातले मला सगळ्यात टोचले ते हेच.

त्या जोखमीचा पुरावा तुम्ही स्वतः फाईलला लावून ठेवता आहात. काट्याच्या पावतीवर गाडीचा नंबर असतो, तारीख असते, वेळ असते, भरलेले आणि रिकामे वजन असते. कारखान्याच्या संगणकातही ती नोंद राहते. उद्या काही झाले तर विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा ते रेकॉर्ड मागवतो. मी तुम्हाला पावत्या फाडायला सांगत नाही, चुकूनही फाडू नका. त्या रोज वाचा, एवढेच सांगतो.

आता तो दावा. काही वर्षांपूर्वीचा आहे, गावाचे नाव सांगत नाही. जानेवारीतली रात्र, धुके होते. उसाने भरलेली ट्रॉली पंक्चर झाली म्हणून रस्त्याच्या कडेला, खरे तर अर्धी रस्त्यावर, उभी होती. ट्रॅक्टर सोडून चालक टायर घेऊन गावात गेलेला. मागच्या चाकाला दोन दगड लावलेले, आणि मागे रस्त्यात बाभळीची एक फांदी टाकलेली, तीच खूण. सोलापुरातल्या चादरीच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून एक तरुण मोटारसायकलवरून घरी निघाला होता. तो मागून ट्रॉलीत घुसला. पंचनाम्यातले फोटो मी अजून विसरलो नाही. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर रिफ्लेक्टरची पट्टी होती. धुळीने माखलेली, आणि तिच्यावर उसाचे शेंडे असे लोंबत होते की पट्टीचा एक वीतभर तुकडा काय तो दिसत होता. लाल दिव्याची वायर पहिल्या ट्रॉलीपर्यंतच जोडलेली. दुसरीला दिवा होता, पण वायरच नव्हती.

मी त्या तरुणाच्या बायकोचा वकील होतो. ट्रॅक्टरचा विमा होता. पण पॉलिसीत वापर ‘शेतीसाठी’ लिहिलेला, आणि गाडी दुसऱ्याचा ऊस भाड्याने ओढत होती. चालकाकडे लायसन्स नव्हते. मोटार अपघात न्यायाधिकरणाने विमा कंपनीला सांगितले, या बाईला भरपाई आधी तुम्ही द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या एका निकालापासून अशा दाव्यांत ही वाट रुळली आहे, आणि मेलेल्या माणसाच्या घरासाठी ती बरोबरच आहे. माझ्या अशिलाला पैसे मिळाले. वसुली मालकावर आली. शेवटच्या तारखेला तो कोर्टाच्या व्हरांड्यात बसला होता. त्याने दीड एकर विकले होते. मला म्हणाला, ‘साहेब, सहा खेपा कमी केल्या असत्या तर...’ आणि पुढे बोललाच नाही.

म्हणून विम्याची पॉलिसी आजच काढून बघा. त्यात ‘वापराच्या मर्यादा’ असा एक भाग असतो. तिथे फक्त शेतीकाम लिहिले असेल तर दुसऱ्याच्या उसाच्या वाहतुकीला ती पॉलिसी पुरत नाही. ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या, तिन्हींचा विमा हवा आणि तो भाड्याच्या वापराचा हवा. हप्ता जास्त येईल, येऊ द्या. निव्वळ वजन जास्त होते एवढ्याच कारणाने बाहेरच्या जखमी माणसाची भरपाई कंपनीला सहसा टाळता येत नाही. पण लायसन्स नसलेला चालक आणि भलताच वापर या दोन गोष्टी सापडल्या, की शेवटी पैसे तुमच्या घरातूनच जातात. तरण्याताठ्या कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई पंधरा-वीस लाखांच्या घरात सहज जाते. वर फौजदारी वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तिला विमा नसतो.

मालकांकडे हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असेल तर त्याबद्दल घाबरू नका. रिकामे वजन साडेसात हजार किलोच्या आतला ट्रॅक्टर त्यावर चालवता येतो. हा मुद्दा बरीच वर्षे कोर्टांत घोळत होता, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मिटवला. लायसन्सची मुदत तेवढी तपासा.

टोळीच्या माणसांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मी त्यावर थांबलो. ट्रॉली ही मालासाठी असते. तिच्यात बसलेल्या माणसाला विम्याचे संरक्षण धरले जात नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून चाललेल्या एका मजुराचे प्रकरण २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असेच न्यायालयाने म्हटले. तो गरीब आणि गंभीर जखमी, म्हणून आपला खास अधिकार वापरून न्यायालयाने कंपनीला पैसे आधी द्यायला लावले आणि मालकाकडून वसुलीची मुभा दिली. प्रत्येक मजुराचे प्रकरण दिल्लीपर्यंत जात नाही. बीडकडून, मराठवाड्यातून आलेली ही माणसे, तान्ही पोरे कडेवर घेऊन मोळ्यांवर बसतात. पहाटे पाचला मोहोळच्या रस्त्यावर मी हे पाहिले आहे. एका बाईने एका हाताने दोर धरला होता आणि दुसऱ्या हाताने पदरात झोपलेले मूल. त्या उसावर तिला धरायला दुसरे काही नव्हते. अड्डा ते फड टोळीला न्यायला सकाळी एक जीप किंवा टेम्पो ट्रॅव्हलर मुकादमाबरोबर ठरवा. खर्च निम्मा-निम्मा करा. हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो.

आता चढाला चाके उचलतात त्याबद्दल. हे नेहमीचे असेल, पण साधे नाही. ट्रॅक्टर वळतो पुढच्या चाकांनी. ती जमिनीवरून सुटली की स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखे. मागच्या हुकावर ओढ जितकी जास्त तितके पुढचे तोंड वर. आणि उतार याहून वाईट. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळे थांबवायचे ते ट्रॅक्टरने. आरसीप्रमाणे भरले तर दोन ट्रॉल्यांचे मिळून १७ टन त्याला मागून ढकलतात. तुम्ही भरता तेव्हा २५ टन. पुलाच्या उतारावर समोर एखादी एसटी आली आणि ब्रेक दाबला, तर मागच्या ट्रॉल्या आडव्या होऊन ट्रॅक्टरला बाजूला फेकतात. मालकांचा हात कितीही बसलेला असला तरी आठ जादा टनांना हात पुरत नाही.

रस्त्याचेही सांगतो, कारण खड्ड्यांवर सगळा गाव बोलतो आणि ट्रॉलीवर कोणी बोलत नाही. रस्ता झिजतो तो धुऱ्यावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने, म्हणजे वजन दुप्पट झाले तर झीज सोळापट. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५० च्या दशकाच्या शेवटी खास रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून हे मोजले, आणि जगभरचे रस्ते-अभियंते आजही तो ठोकताळा धरतात. तुमची ट्रॉली साडेआठ टनांऐवजी साडेबारा टन होते, म्हणजे साधारण दीडपट. पण रस्त्याची झीज दीडपट होत नाही, साडेचारपटीहून जास्त होते. तोच २१ टन ऊस कायद्याप्रमाणे भरून दोन खेपांत नेला असता तर रस्ता दोन खेपांएवढादेखील झिजला नसता. हंगाम सरला की त्याच रस्त्याने तुमच्या पोरांची शाळेची एसटी जाते.

आता हप्त्याचा प्रश्न. मालकांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण त्यामागे खरी अडचण आहे. कारखान्याच्या आवारात गाडी रांगेत रात्र-रात्र उभी राहते. खेपा कमी होतात, म्हणून भरती वाढते. पण तुमच्या वहीतच बघा. जादा आठ टनांचे खेपेला मिळतात २८०० रुपये, तेही डिझेल न धरता. एकदा ३६ हजारांचा दंड बसला की तेरा खेपांची जादा कमाई गेली. हंगामात किती टायर फुटले, किती वेळा हबचे बेअरिंग बदलले, क्लच प्लेट कधी बसली, हे सगळे वहीत वेगळ्या पानावर असेल. ते जादा टनांच्या पानासमोर ठेवा. बहुतेक घरांत हा हिशेब कोणी एकत्र केलेला नसतो. मला वाटते तो तुमच्याकडूनच होईल.

एकदम १३ वर या असे म्हटले तर मालक हे पत्र बाजूला ठेवतील, याची मला जाणीव आहे. तरी कायदा १३ च म्हणतो आणि मी तुम्हाला १५ चालेल असे लिहू शकत नाही. एवढे मात्र करता येते. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे, तुमच्या गट कार्यालयात, लेखी अर्ज द्या की आम्ही आरसीप्रमाणे भरणार आहोत, आम्हाला खेपा वाढवून द्या आणि रांगेत ताटकळत ठेवू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, तोंडी सांगून भागत नाही. गावात आणखी चार-पाच वाहतूकदार असतील, दंड झालेला तो एक तर आहेच. त्याला आधी भेटा. पाच जणांच्या सह्यांच्या अर्जाला साहेब उत्तर देतात. तुमच्या एका घराच्या जोरावर हे बदलणार नाही, हे मलाही दिसते. पण वजन ठरवणारा तो कारखान्याचा काटा आहे, आणि जादा भरलेली गाडी आम्ही काट्यावर घेणार नाही असे कारखान्यांनी ठरवले, तर आठवड्याभरात जिल्ह्यातल्या सगळ्या ट्रॉल्या बरोबर भरतील. इतके कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत, एकाने तरी हे करून दाखवावे, असे मला मनापासून वाटते.

बँकेत हप्ता थकायच्या आधी जा, थकल्यावर नको. सहामाही हप्त्याची तारीख कारखान्याचे बिल जमा होण्याच्या वेळेशी जुळवून मागा. सोबत करार आणि बिलांच्या प्रती न्या.

ज्या आरटीओ कार्यालयात गाडीची नोंद आहे तिथेही एकदा जाऊन या. नंबर एमएच-१३ असेल तर सोलापूर, एमएच-४५ असेल तर अकलूज. नोंदणी शेतीची असेल तर भाड्याच्या वापरासाठी ती बदलून घ्या. तिन्ही आरसी आणि पॉलिसी बरोबर ठेवा.

आणि ट्रॉलीच्या मागे जा, स्वतः, दिवस मावळल्यावर. दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत वायर पोहोचली आहे का, लाल दिवा लागतो का ते पाहा. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने दिवे लागलेच पाहिजेत. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी अशी रिफ्लेक्टर पट्टी हवी. ओल्या फडक्याने ती रोज पुसा, हे दोन मिनिटांचे काम आहे. फळीबाहेर लोंबणारे शेंडे फडातच कोयत्याने छाटायला सांगा. चाकाला दगड लावू नका. ट्रॅक्टर निघून जातो आणि दगड रस्त्यात राहतो, रात्री त्यावर मोटारसायकल उडते. लाकडाचा ठोकळा साखळीने ट्रॉलीलाच बांधा, म्हणजे तो गाडीबरोबरच जातो.

देव न करो आणि कधी काही झालेच, तर चालकाने पळून जायचे नाही. जखमीला दवाखान्यात पोहोचवायचे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचे. गावकरी मारतील या भीतीने जवळ थांबणे शक्य नसेल, तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जायचे.

वहीत एक रकाना वाढवा. तारीख, खेप, टन, रुपये यांच्या शेजारी ‘आरसीप्रमाणे’ असा. तिथे रोज १३ लिहा आणि बाजूला पावतीवरचा आकडा. महिनाभर लिहा. मालकांशी वाद घालू नका, वही त्यांच्यासमोर उघडी ठेवा. महिना झाला की त्या पानाचा फोटो मला पाठवा, आकडा काहीही असला तरी. विम्याची पॉलिसीही सोबत पाठवा, ती मी वाचून देतो.